चंदगड ते सातारा : शर्यतीआधीचे सात दिवस

माझे सासर मिरजेचे, माहेर चंदगडचे. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात असले तरी आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. म्हणून मी नेहमीप्रमाणे रेल्वेने बेळगाव गाठले आणि तिथून एसटी धरली. शिनोळी आली की दुकानांच्या पाट्या कानडीतून मराठीत येतात आणि माहेर आल्यासारखे वाटू लागते. सुरुवातीला रस्त्याच्या कडेला ऊस आणि रताळ्याचे वेल दिसतात. जसजसे पश्चिमेकडे जावे तसतशी भातखाचरे, काजूची झाडे आणि डोंगर जवळ येतात. पाऊसही वाढत जातो. आमच्या तालुक्याच्या पूर्वेला माणूस छत्री विसरून बाहेर पडला तरी चालते, पश्चिमेला ते धाडस कुणी करत नाही.

सप्टेंबर महिना होता. ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही होऊन गेल्या होत्या. मुंबईचे चाकरमानी परतले होते आणि गाव पुन्हा आपल्या चालीने चालू लागला होता. मी घरी पोचले तर ओट्यावर बुटांचे दोन जोड उलटे ठेवलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.

"हे काय अम्मी?"

"विचार तुझ्या भाईला. पावसात पळून बूट भिजवायचे आणि मग पेपर खायला घालायचे. आज वाचायलासुद्धा पेपर शिल्लक नाही घरात."

माझे मोठे भाऊ वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी धावू लागले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, माझी भाची. पुढच्या रविवारी दोघांची पहिली शर्यत होती, सातारा हिल हाफ मॅरेथॉन. मी खास त्यासाठी आठवडाभर राहायला आले होते. माझे काम काय, तर सोबत करायची, डबे भरायचे आणि शेवटच्या रेषेपाशी टाळ्या वाजवायच्या. प्रत्यक्षात त्या आठवड्यात त्याहून बरेच काही पाहायला मिळाले. तेच सांगायला बसले आहे.

नोकरीसाठी पळणारे गाव

चंदगडला पळणे नवे नाही. फौजेत जाण्याची परंपरा इथे जुनी आहे. पहाटे कुठल्याही रस्त्याला उभे राहा, भरतीची तयारी करणारी पोरे घोळक्याने पळताना दिसतील. भरतीत मुलांना १६०० मीटर पळावे लागते आणि एकेका सेकंदाला किंमत असते. त्यामुळे 'पळतोय' म्हटले की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठली भरती?"

भाईंना सुरुवातीला हा प्रश्न फार ऐकावा लागला. त्यांचा काजूचा छोटा कारखाना आहे. डोक्यावर पांढरे केस आले आहेत. असा माणूस ज्या शर्यतीत नोकरी नाही, वर प्रवेश फी आपणच भरायची, तिच्यासाठी पहाटे का पळतो, हे कुणाला कळेना. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून चालायला सांगितले, चालण्यातून पळणे सुरू झाले, एवढेच त्यांचे उत्तर असे.

मग एकेक माणूस जमत गेला. शेजारचे माजी सुभेदार, एक प्राथमिक शिक्षक म्हणजे आमचे गुरुजी, औषध दुकानवाले एक दादा आणि एसटीतला एक तरुण वाहक. सहावी माझी भाची. मे महिन्यापासून हे सहा जण आठवड्यातून चार दिवस धावत होते. फजरची नमाज झाली की भाई आणि भाची तयार होऊन बसत, पण उजाडल्याशिवाय गावाबाहेर पडायचे नाही हा सुभेदारांचा नियम. आमच्याकडे अंधारात रस्त्यावर गवा उभा असू शकतो. काही वर्षांपासून तालुक्यात हत्तीही येतात. शहरातला धावणारा गाड्यांना जपतो, आमचा गव्यांना.

ज्या शर्यतीला ते निघाले होते तिच्याविषयी थोडे सांगते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. अंतर २१.१ किलोमीटर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनच्या निम्मे. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचे, शहर ओलांडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचे आणि त्याच वाटेने उतरत परत यायचे. आधी चढ आणि नंतर उतार. चढ दम काढतो हे कुणीही सांगेल. उतारावर मांड्यांची काय अवस्था होते, ते उतरल्यावरच कळते. म्हणून आमच्या मंडळींनी हेऱ्याच्या बाजूच्या रस्त्यावर चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव केला होता.

न पळण्याचा सराव

सोमवारी सकाळी मला वाटले, शेवटचा आठवडा म्हणजे आता जोरात तयारी. पण सगळे अर्ध्या तासात घरी हजर!

"एवढ्यात झालं?" मी विचारले.

सुभेदार ओट्यावर बसत म्हणाले, "ताई, जे कमवायचं ते कमावून झालं. आता खर्च करायचा नाही."

यामागचे शास्त्र गुरुजींनी समजावले. सरावाचा फायदा शरीराला लगेच मिळत नाही, त्याला दिवस लागतात. शेवटच्या आठवड्यात कितीही पळले तरी त्याचा उपयोग रविवारपर्यंत होत नाही, थकवा मात्र नक्की येतो. म्हणून शेवटच्या एक-दोन आठवड्यांत अंतर कमी करत आणायचे, साधारण निम्म्यावर. वेग मात्र अधूनमधून थोडा ठेवायचा, म्हणजे पाय आळसावत नाहीत. या काळात स्नायूंची बारीकसारीक दुखापत भरून येते आणि त्यांच्यात साखरेचा साठा होतो. हा साठा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वजन एखादा किलो वाढते. त्याला घाबरायचे नसते.

ऐकायला सोपे, करायला महाकठीण. चार महिने रोज घाम गाळलेल्या माणसाला बसून राहा म्हटले की त्याला नाही नाही ते सुचते. वाहक दादाला अचानक गुडघा दुखल्यासारखा वाटू लागला. औषधवाल्या दादांना वाटले, आपला सरावच अपुरा झाला, गुपचूप एक पंधरा किलोमीटर मारून यावे. भाई तर घरात येरझाऱ्या घालू लागले. अम्मी भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भाताची लावणी झाली की रोप उपटून मूळ धरलंय का बघतात का कुणी? बस की जरा."

सबरीवरचे पुष्कळ बोल मी आयुष्यात ऐकले आहेत, पण एवढा थोडक्यात कुणी सांगितला नव्हता.

पारगडावर

मंगळवारी सगळ्यांनी सुट्टी घेतली आणि आम्ही जीपने पारगडला गेलो. पळायला नव्हे, मन रमवायला. चंदगडपासून तीसेक किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. झाडांवर शेवाळ, कडेला ओहोळ, आणि वळणावळणावर धुके. गड शिवाजी महाराजांच्या काळातला. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांना इथली किल्लेदारी मिळाली आणि त्यांचे वंशज आजही गडावर राहतात. पायऱ्या चढून वर गेले की पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण आणि गोव्याकडचा मुलूख पसरलेला दिसतो. दिसतो म्हणजे धुक्याची मर्जी असेल तर. त्या दिवशी एकदाच पडदा सरकला, हिरव्यागार दऱ्या दिसल्या आणि पुन्हा पांढरे झाले.

वर बसून डबे सोडले. गुरुजींनी मुलांना सांगावी तशी एक गोष्ट सांगितली. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिम्पिक झाले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी पळणारी खेड्यातली माणसे पाहून दोराबजी टाटांनी ठरवले की यांना ऑलिम्पिकला पाठवायचे. त्या संघातून मॅरेथॉनसाठी दोघे गेले. एक होते आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले. ते दोन तास पन्नास मिनिटांत पोचले आणि एकोणिसावे आले.

"आणि दुसरे?" भाचीने विचारले.

"सदाशिव दातार. त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही."

"का?"

"नोंदीत तेवढंच आहे. नाव आणि पुढं 'अपूर्ण'."

क्षणभर कुणी बोलले नाही. मग भाई म्हणाले, "पण तिथवर गेले होते ना. बोटीने जायचं म्हणजे खायचं काम नव्हतं तेव्हा."

हे वाक्य दोनच दिवसांत त्यांच्याच कामी येणार आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

रताळी, नाचणी आणि अम्मीचे स्वयंपाकघर

बुधवारी खाण्याचा विषय निघाला. लांब पळण्यासाठी शरीराला पिठूळ आणि गोड पदार्थांचे इंधन लागते. शहरातले धावणारे त्यासाठी पास्ता शोधतात. आमच्या दारात भात आहे आणि रताळी आहेत. नवरात्राच्या उपवासासाठी बाजारात जाणारी रताळी याच सुमारास शेतातून निघू लागतात. भाभींनी चुलीच्या राखेत भाजलेली रताळी समोर ठेवली आणि गुरुजी म्हणाले, "यापेक्षा चांगलं खाणं कुठल्याच पाकिटात मिळणार नाही."

मात्र नेहमीचे चांगले खाणे शर्यतीच्या तोंडावर चांगलेच असते असे नाही. नाचणीची भाकरी, डाळी, पालेभाज्या पोटाला उत्तम, पण त्यांतला चोथा धावताना त्रास देतो. म्हणून शेवटचे दोन दिवस ती कमी करायची. तेल-तिखटही कमी. अम्मीचा बेत वेगळा होता. नातीला ताकद यावी म्हणून शनिवारी रात्री बिर्याणी! शेवटी तह झाला, आदल्या रात्री साधा भात आणि पातळ दालचा, बिर्याणी परत आल्यावर.

औषधवाल्या दादांनी सगळ्यांना बजावलेल्या गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. वाचकांपैकी कुणाच्या घरात धावणारे असतील तर उपयोग होईल.

शर्यतीच्या दिवशी काहीही नवे करायचे नाही. नवे बूट नाहीत, नवे मोजे नाहीत, नवा नाश्ता नाही. भाचीला बेळगावहून आणलेले बूट दोन महिने वापरून पायाला बसले होते, तेच. पायाची नखे तीन-चार दिवस आधी कापावीत. जिथे कपडा घासतो तिथे व्हॅसलीन लावावे. खाणे दोन-अडीच तास आधी. पाणी तहान लागेल तसे घोट घोट. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी ढोसले तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस गंभीर होऊ शकतो. दुखते म्हणून पळताना वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरू नये, बहुतेकांना लागत नाही. त्याच्या आधीच्या रात्री नीट झोपलेले असले म्हणजे झाले. आणि छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदामागे रक्तगट, आजार असेल तर तो आणि घरच्यांचा फोन लिहायचा.

वही मिटली, इशाची नमाज झाली आणि भाई म्हणाले, "आज अंग जरा कसकसतंय."

गुरुवार

पहाटे ताप १०१ होता. अंग दुखत होते, डोळे लाल झाले होते. पावसाळा संपतासंपता आमच्याकडे घरोघरी होतो तसलाच ताप. डॉक्टरांनी तपासले, रक्त तपासायला पाठवले आणि म्हणाले, "विषाणूचा दिसतोय. चार-पाच दिवस विश्रांती."

"डॉक्टर, रविवारी..."

"मला माहीत आहे रविवारी काय आहे. म्हणूनच सांगतो."

त्यांनी समजावून सांगितले. नुसते नाक गळत असेल, घसा खवखवत असेल, तर हलके पळणे एकवेळ चालते. पण ताप, अंगदुखी, छातीत कफ, म्हणजे मानेच्या खालची लक्षणे असतील तर अजिबात नाही. विषाणूचा ताप असताना शरीराला ताणले तर कधीकधी हृदयाच्या स्नायूंनाच सूज येते आणि अशा वेळी जिवावर बेतू शकते. ताप गोळीने उतरवता येतो, पण त्याने आजार गेलेला नसतो.

दुपारी सुभेदार आले. मला वाटले, फौजी माणूस, 'हिंमत धरा' म्हणतील. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "भाई, मी नोकरीत पोरांना घेऊन किती पळालो असेन, हिशेब नाही. जो थांबायचं तेव्हा थांबत नाही, त्याला बाकीच्यांनी खांद्यावर आणावा लागतो. तुम्ही यायचं नाही."

भाई काही बोलले नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रात्री मी त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवत होते तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ही मला तर नाहीच, अम्मीलाही माहीत नव्हती. ते एकवीस वर्षांचे असताना भरतीला गेले होते आणि १६०० मीटरमध्ये काही सेकंदांनी मागे पडले होते, एवढे आम्हाला ठाऊक होते. पुन्हा ते कधी भरतीला उभे राहिले नाहीत.

"त्या दिवशी अंगात ताप होता," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नाही. अब्बांनी उसने पैसे काढून मला पाठवलं होतं. न पळता कसा परत येणार? शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढं अंधारी आली. इतकी वर्षं मला वाटत राहिलं, माझ्यातच काहीतरी कमी होतं."

मी गप्प राहिले.

"तेव्हा पोटासाठी पळालो. आता कुणी मागं लागलेलं नाही. तरी मन म्हणतं, गोळी घे आणि पळ." थोडे थांबून म्हणाले, "दोन्ही वेळा ताप तोच आहे बघ."

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. अमानत म्हणजे सांभाळून परत करायची वस्तू. चार महिने पहाटे उठून पळणे हा तिचा सांभाळ होता. आता रविवारी न पळणे हासुद्धा तिचाच सांभाळ होता, फक्त त्याला कुणी पदक देत नाही. भाईंनी फोन उचलला आणि गटातल्या पाचही जणांना कळवले, "मी येत नाही. तुम्ही चांगले पळा."

अम्मीचा प्रश्न

पण एक गाठ सुटायची होती. भाचीला पळायची परवानगी अम्मीने एका अटीवर दिली होती, बाप सोबत असेल तर. मे महिन्यात ही गोष्ट सोपी नव्हती. पोरीने रस्त्याने पळायचे? लोक काय म्हणतील? भाची पूर्ण बाह्यांचा सदरा, सैल पँट आणि डोक्याला घट्ट बसणारा स्कार्फ घालून पळते. तरी पहिले काही दिवस माना वळायच्याच. मग वळेनाशा झाल्या. आता बापच येणार नाही म्हटल्यावर पोरगी गुरुवारी रात्रीच बॅग रिकामी करून बसली. तिने कुणाला काही विचारले नाही. नाही म्हणतील म्हणून विचारलेच नाही.

शुक्रवारी भाईंचा ताप उतरला, तपासणीतही काळजीचे काही निघाले नाही, पण उठून बसले की गरगरत होते. जुम्याला ते जाऊ शकले नाहीत. दुपारी जेवणे झाल्यावर अम्मीने नातीला हाक मारली.

"बॅग का काढलीस?"

"अब्बा येत नाहीत ना."

"तुझा अब्बा तुझ्या बाजूनं पळणार होता, की तुझ्या वाट्याचं पळणार होता?"

पोरगी बघतच राहिली.

"दादी, एकटी जाऊ?"

"एकटी कशाला? फुफी आहे, सुभेदारांची बायको येतेय म्हणाली, गुरुजी आहेत. पळताना मात्र एकटीच पळशील. भीती वाटते?"

"घाटाची वाटते."

"मग चालत चढ. चालायला कुणी बंदी केलीय का?"

भाभी हसल्या. मी अम्मीला विचारले, मे महिन्यात एवढी अडून बसली होतीस, आता कसे काय? ती म्हणाली, "तेव्हा ती पळेल की नाही माहीत नव्हतं. चार महिने पावसात उठताना रोज बघितलं मी तिला. एक दिवस चुकला नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि प्रेषितांनी (स.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) शर्यत लावली होतीच की. एकदा त्या जिंकल्या, पुढं एकदा हे जिंकले. आम्ही लहानपणी ऐकलेलं, मध्येच विसरलो."

बॅग पुन्हा भरली गेली. भाईंनी आपले घड्याळ काढून मुलीच्या मनगटावर बांधले. पट्ट्याला एक भोक जास्त पाडावे लागले.

सातारा

शनिवारी गडहिंग्लजमार्गे महामार्गाला लागलो आणि कोल्हापूर, कराड करत साताऱ्याला पोचलो. क्रमांकाचे कागद घेण्यासाठी मोठी रांग होती. गावोगावचे लोक, पांढऱ्या केसांचे, कॉलेजातले, नवरा-बायको जोडीने आलेले. साडी नेसून रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंना मी विचारले, "कुणासाठी आलात?" त्या म्हणाल्या, "माझ्यासाठीच." मी ओशाळले. चार दिवस धावणाऱ्यांत राहूनही माझ्या मनातले चित्र पुरते बदलले नव्हते. हा जिल्हा तर ललिता बाबरचा. माण तालुक्यातल्या दुष्काळी मोहीची मुलगी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली.

रात्री कुणालाच झोप लागली नाही. फजर खोलीतच झाली. भाचीने दोन केळी आणि घरून आणलेले एक उकडलेले रताळे खाल्ले. मैदानावर हजारो माणसे होती, बारीक पाऊस होता आणि यवतेश्वरच्या डोंगरावर ढग उतरले होते. "अगदी आपल्यासारखंच आहे, फुफी," ती म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

शर्यत बघणाऱ्याला शर्यत दिसत नाही. माणसे जातात आणि मग तास-दोन तास रस्ता रिकामा राहतो. सुभेदारीणबाई आणि मी शेवटच्या रेषेजवळ कठड्याला टेकून उभ्या राहिलो. पहिले धावपटू आले ते वाऱ्यासारखे. मग येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्यातला वाहक दादा आधी आला, गुडघ्याचे दुखणे पार विसरून. मग सुभेदार, अगदी ताठ. औषधवाले दादा लंगडत, पण हसत. भाचीचा पत्ता नव्हता. अडीच तास झाले. पावणेतीन झाले. माझ्या ओठांवर जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या मी म्हटल्या.

आणि ती आली. शेजारी गुरुजी होते. चेहरा लालबुंद, स्कार्फ ओलाचिंब, पाय ओढत, पण पळत. दोन तास एक्कावन्न मिनिटे. गुरुजींनी धापा टाकत हिशेब केला, "बेळगावच्या चौगुल्यांनी जेवढ्या वेळात पूर्ण मॅरेथॉन मारली, तेवढ्या वेळात आमची अर्धी झाली!" घाटाचा बराचसा भाग ती चालतच चढली होती. उतारावर मांड्या इतक्या थरथरत होत्या की एका वळणावर ती रस्त्याच्या कडेला बसली. "तेव्हा वाटलं बास. मग घड्याळ बघितलं," एवढेच तिने सांगितले. घड्याळात वेळ बघितली की घड्याळच बघितले, हे मी विचारले नाही.

परत

रात्री उशिरा चंदगडला पोचलो. घरात दिवा होता. भाई ओट्यावर शाल पांघरून बसले होते. संध्याकाळी ताम्रपर्णीच्या पुलापर्यंत चालत जाऊन आले होते. चार दिवसांत तेवढेच. पुलावर उभे राहून त्यांनी सुभेदारांना फोन लावला होता, तो कसा संपला ते सुभेदारांनी मला सांगितले, पण ते इथे लिहिणे बरे नव्हे.

मुलीने पदक काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी उलटसुलट करून बघितले, पुन्हा तिच्याच गळ्यात घातले आणि म्हणाले, "घाट कसा आहे ते सांग. पुढच्या वर्षी मला उपयोगी पडेल."

ती सांगू लागली. कुठे चढ सुरू होतो, कुठे फसवी सपाटी आहे, पाणी कुठे मिळते, उतरताना पावले कशी आखूड टाकायची. बाप ऐकत होता आणि मध्येमध्ये प्रश्न विचारत होता. चार महिने त्याने तिला शिकवले होते, आता ती त्याला शिकवत होती.

आतून अम्मीचा आवाज आला, "बोलणं पुरे. बिर्याणी गार होतेय."

ओट्यावर बुटांचे दोन जोड पुन्हा उलटे ठेवलेले होते. एक साताऱ्याच्या चिखलाने माखलेला, दुसरा कोरडा ठणठणीत. अम्मीने दोन्हींत पेपर कोंबून ठेवले होते.